सव्वानऊची पांढरी रेघ

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळपासून अकरा डंपर! कोपऱ्यावरच्या प्लॉटवर पाच मजले उठणार आहेत म्हणे. पुस्तकांच्या पाठींना सरस लावून प्रेसमध्ये घालतो न घालतो तोच घर हादरतं. पाच खंड वाकडे झाले. सगळे उसवून पुन्हा बांधायचे!

पण खरी काळजी आईची. मावशी समोरच राहते, तिचा खुबा मोडलाय. आई रोज सव्वानऊला रस्ता ओलांडून तिची वेणी घालायला जाते. डावीकडे बघत नाही, उजवीकडे बघत नाही. एका कानाने ऐकूही येत नाही.

‘अगं, ट्रक येतात.’

‘मग त्यांना मी दिसत नाही का?’

बहात्तर वर्षांची बाई. घरात कोंडून ठेवू?

४ फेब्रुवारी

साइटवरच्या मुकादमाशी भांडायला गेलो. घसा कोरडा होईपर्यंत भांडलो. तो शांतपणे म्हणाला, ‘खरंय तुमचं. पण माणूसच मिळत नाही साहेब, झेंडा धरणार कोण?’

भांडायला गेलो आणि झेंडा घेऊन घरी आलो! एक लाल, एक हिरवा. शिवाय पिवळं जाकीट, गुडघ्यापर्यंत येतं.

५ फेब्रुवारी

गल्लीची करमणूक झाली. शेजारचे दाढीवाले काका गच्चीतून – ‘बढती झाली वाटतं!’

दुपारी काँक्रीटचा पहिला मिक्सर आला. आमच्या गल्लीत गाडी वळत नाही, ती रिव्हर्सनेच आत घ्यावी लागते. मी ऐटीत उभा. गाडी जागची हलेना. काच खाली झाली. चालवणारी बाई! माझ्याएवढीच असेल, कपाळावर सिमेंटचा ठिपका.

‘अहो झेंडेवाले, एका हाताने लाल दाखवताय, दुसऱ्या हाताने या-या करताय. मी नक्की काय करू?’

काकांची गच्ची खदखदली. मीही हसलो. काय करणार!

१० फेब्रुवारी, सोमवार



मावशीने फोन केला म्हणून आई आज दहा मिनिटं आधीच निघाली. मी आत खळ ढवळत होतो. मिक्सर मागे येत होता. धावत बाहेर आलो तर गाडी थांबलेली, आणि मागच्या चाकापासून हातभर अंतरावर आई, हातात तेलाची बाटली.

मिक्सरवाली खाली उतरली ती पायरीवरच बसली. आईच तिला म्हणते, ‘घाबरलीस का गं? थांब, पाणी आणते.’

नंतर मी विचारलं, ‘तुम्हाला दिसली कशी?’

‘दिसली नाही. तुमचा झेंडा दिसला नाही, म्हणून थांबले. मागे कोण आहे ते मला आतून कळत नाही हो.’

म्हणजे मी जागेवर नसतानाही तिने ‘झेंडा नाही तर गाडी नाही’ हा नियम पाळला, म्हणून आई वाचली. मी आईवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा.

११ फेब्रुवारी

मुकादमाच्या पत्र्याच्या खोलीत बैठक. मिक्सरवाली माझ्याआधीच बोलली – ‘नऊ ते साडेनऊ एकही गाडी गल्लीत येणार नाही.’

‘काँक्रीट घट्ट होईल!’

‘चौकात ड्रम फिरवत उभी राहीन.’

ठरलं! आमच्या फाटकापासून मावशीच्या फाटकापर्यंत पांढरी रेघ मारली; माझा हिरवा झेंडा दिसला की आईने रेघेवरूनच ओलांडायचं. ‘नऊ ते साडेनऊ गाड्या बंद’ अशी पाटी मी लिहिली, पुस्तकांवर लिहितो तशा सोनेरी अक्षरात. जरा जास्तच झालं.

आई – ‘मी काय बालवाडीत आहे, झेंडा बघून चालायला?’ पण कालचं तीही विसरली नव्हती. तयार झाली.

१९ फेब्रुवारी

आज सहाच गाड्या. का कोण जाणे, कमी वाटल्या.

३ मार्च, सोमवार

मिक्सरवालीचा अर्धा तास आता चौकात जात नाही. मदतनीस ड्रम सांभाळतो आणि ही आईबरोबर रेघेवरून मावशीकडे चहाला! आतून तिघींचं हसणं ऐकू येतं. मी बाहेर झेंडा धरून. रस्त्यावर कोणी नाही, तरी धरून.

२१ मार्च

तिने नकाशांचं एक जुनं पुस्तक दिलं. तिच्या वडिलांचं, तेही गाडी चालवायचे. पानं सुटलेली.

‘गाडीतल्या धक्क्यांना टिकेल ना?’

‘गाडी मोडेल, माझी शिवण मोडणार नाही.’

काय बोलून गेलो! कान तापले. तीन-तीनदा शिवलं. इतकं सुंदर काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं, लिहायला कशाला लाजू?

१६ मे, शुक्रवार

शेवटचा स्लॅब ओतून झाला. गल्लीत कुणाला खरचटलंसुद्धा नाही! काकांनी गच्चीतून चक्क टाळ्या वाजवल्या. मुकादमाने झेंडे परत नेले. तिने काच खाली केली.

‘उद्यापासून दुसरी साइट.’

‘बरं,’ मी म्हणालो.

बरं!! एकोणचाळीस वर्षांचा गाढव!

आईने रात्री ताट वाढताना फक्त विचारलं, ‘एवढंच बोललास?’ मी पोळी चिवडत बसलो.

१७ मे

शांतता. पाठी सरळ बसतात. नको झालंय.

१८ मे, रविवार

सव्वानऊ. रस्ता मोकळा, पण आई रेघेवर थबकलेली. झेंड्याशिवाय पाऊल उचलेना, सवय लागली ना! चपला घालून मी बाहेर येतो तोवर कोणीतरी तिचा हात धरून तिला पलीकडे नेतही होतं. काखेत नकाशांचं पुस्तक. आज पायी आली होती.

मावशीच्या फाटकाशी दोघी वळल्या. आई ओरडली, ‘अरे, उभा काय राहिलास? ये की, थांबलोय आम्ही!’

डावीकडे बघितलं नाही, उजवीकडे बघितलं नाही. गेलो.