शारदेची पट्टी

लालबाग, बुऱ्हाणपूर
रविवार, २८ ऑक्टोबर १९५६

चि. सौ. मालूस अण्णाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. दाजींचा खोकला कमी आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे ताप्तीचं पाणी उतरलं, राजघाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्या. येत्या गुरुवारपासून तुझं अकोला मुंबई राज्यात आणि आम्ही नव्या मध्य प्रदेशात. गाण्याच्या शिकवणीला येणारे दोघे कारकून बदलीच्या धास्तीने पेटीकडे फिरकत नाहीत. सकाळी दोन चिमुरड्या येतात आणि दुपारी सुकलालशेठ, केळ्यांचे व्यापारी. वय साठ. त्यांचे सरगमेचे अलंकार बसवता बसवता माझे केस पांढरे झाले, पण माणूस एक दिवस चुकत नाही.

पुढच्या रविवारी भाऊबीज. गेल्या भाऊबीजेला ताट हातात धरून तू म्हणाली होतीस, "अण्णा, मला लुगडं नको. पोरीला गाणं दे, तीच माझी ओवाळणी." मी हो म्हटलं आणि शारदेला इकडे घेऊन आलो.

तुझ्या पत्रात तू तिला चिंचेवरून फार बोललीस. तिने ते दोनदा वाचलं आणि घडी करून उशीखाली ठेवलं. बोलली काहीच नाही. ती आता बोलत नाही, मालू. मी तिला पाटी आणून दिली आहे.

चिंच खाऊन तिचा गळा बसला असं मी कळवलं, पण चिंच तिने खाल्लीच नव्हती. ते मी खोटं लिहिलं.

माझ्या पेटीवर लाखेचे दोन ठिपके होते. पुरुषांची पट्टी, म्हणजे त्यांचा सा, पहिल्या काळ्या पट्टीवर, काळी एक; मुलींची त्याहून बरीच वर, काळी पाच. गुरुजींनी मला तसंच शिकवलं, मी पंचवीस वर्षं तसंच शिकवलं. शारदेचा गळा बराच खालचा, काळी तीनचा. पहिल्याच महिन्यात ती म्हणाली होती, "मामा, खालून घेऊ द्या न मले." मी सांगितलं, खालून गाणारी मुलगी पुरुषासारखी वाटते, परीक्षक नाकं मुरडतात; आणि गळा तापला की आपोआप उघडतो. हे इतकं ठासून सांगितलं की पोरीने पुन्हा विचारलं नाही.

ऑगस्टात आवाज फाटायला लागला. सुकलालशेठना अजून कोमल-शुद्ध स्वरांतला फरक कळत नाही, पण ते त्यांना ऐकू आलं. म्हणाले, "मास्तर, पोरीले आराम द्या. गला बैठ गया तिचा." मी त्यांनाच सुनावलं, शेठ, तुम्ही आधी सा लावा. तरी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन महिने गाणं बंद म्हणून बजावलं. पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला नागपूरची स्पर्धा होती. नोव्हेंबरपासून नागपूर आपलं राहणार नाही, मग बुऱ्हाणपूरच्या मुलीला तिथे कोण उभं करणार, हेच डोक्यात. माझा एकही विद्यार्थी आजवर तिथे पोहोचला नव्हता. त्या मंचावरून मला माझं नाव ऐकायचं होतं. दुसरं काही नव्हतं, मालू.

ज्येष्ठमध चघळायला देऊन मी तिला त्या मंचावर काळी पाचमध्ये गायला उभं केलं. वरच्या सापर्यंत गेली आणि आवाज बंद पडला. तोंड उघडं, आणि ऐकू येतेय नुसती पेटी. ती सावरेल म्हणून मी वाजवत राहिलो. किती वेळ, ते आठवत नाही.

मागच्या आठवड्यात खंडव्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. बोलणं घोगरं का होईना, परत येईल म्हणाले. गाण्याचं विचारलं, तर नाही म्हणाले.

आता राहिलं ते लिहितो. नागपूरहून परतताना गाडी भर दुपारी अकोल्याला थांबली. शारदा उठून दारापर्यंत गेली, एक पाय पायरीवर टाकला. तुझं घर तिथून दहा मिनिटांवर. मी दंडाला धरून तिला परत आणून बसवलं. तुला काय तोंड दाखवू, एवढाच विचार केला. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर मी तुला ते चिंचेचं पत्र लिहिलं.

काल तिने पाटीवर लिहिलं, "मामा, चिंचेचंच राहू द्या. आई तुमच्यावर रागवीन." चौदा वर्षांची पोर मला वाचवायला बघते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाटी पुसली आणि आज सकाळी कागद घेऊन बसलो.

रविवारी सकाळच्या गाडीने तिला घेऊन निघतो. ती दारात आली की आधी जवळ घे. चिंचेचं नाव काढू नकोस. पेटी तिच्यासोबत आणतो आहे, लाखेचे ठिपके मी खरवडून काढलेत. पेटीवर तिचे हात चांगले चालतात, पण शिकवायला दुसरा कोणी बघ.

मी बाहेर ओट्याशी थांबेन. ओवाळायला ताट केलंस तर आत येईन. नाही केलंस तर आल्या गाडीने परत फिरेन, आणि तुझं चुकलं असं मरेपर्यंत म्हणणार नाही.

तुझी ओवाळणी बुडवलेला,
अण्णा