मागणारी पानं

प्रिय वन्सं,

"वैनी, ज्याचं त्याच्यापाशी असावं. मागाय गेलं की माणूस लहान हुतं." आपल्या टायपिंग क्लासच्या पहिल्या कॉम्प्युटरसमोर बसून तुम्ही हे म्हणाला होतात. मी एवढंच विचारलं होतं, की वेबसाइटवरच्या प्रत्येक बागायतदाराच्या पानाखाली नाव-नंबराची तीच ती ओळ पुन्हा पुन्हा का टाइप करायची? आज ते वाक्य फार आठवतंय. कारण आज मी तुमच्या फाइली मोडल्या.

रागावलात? आधी ऐका तरी.

टेलिफोन खात्यानं परत नंबर बदलले. मागच्या वेळी तुम्ही एकेक फाइल उघडून आपला नंबर दुरुस्त केला होतात आणि माळेगावचं एक पान राहून गेलं होतं. वाशीच्या व्यापाऱ्यानं त्यावरचा नंबर फिरवला, तो पिठाच्या गिरणीत लागला, आणि गिरणीवाल्यानं त्याला डाळिंबाचा भावही सांगून टाकला. "बरा सांगितला की, आपल्यापरीस चढाच," म्हणून तुम्ही केवढ्या हसला होतात. यंदा त्या सगळ्या फाइली एकटीनं उघडणं माझ्यानं होईना. खोलीत दुसरी खुर्ची आहे अजून, पण तिच्यावर मी कुणाला बसू देत नाही.

म्हणून या वयात पुण्याला जाऊन नवी पद्धत शिकून आले. हिच्यात वेबसाइटचं पान ही फाइल राहत नाही, एक वस्तू होते. ऑब्जेक्ट म्हणतात. तळाची ओळ पानापाशी नसली, तर ते आपल्या गावाच्या कप्प्याकडे मागतं. गावापाशी नसली तर गाव तालुक्याकडे मागतं, तालुका सगळ्यात वरच्या कप्प्याकडे. लासुर्ण्याचा कप्पा इंदापूरकडे, जळोचीचा बारामतीकडे. वर एकदा लिहिलं की खाली सगळ्यांना मिळतं.

तुम्हाला हे पटलं नसतं. सासर सोडून भावाच्या घरी आलात, त्या दिवसापासून तुमचा साबण वेगळा, चहाचा डबा वेगळा. "माझं हाय माझ्यापाशी," एवढंच म्हणायचात. मला ते टोचायचं. शेवटच्या तापातही भिंत धरत धरत माठापर्यंत गेलात. मी तिथंच भाजी निवडत बसले होते ना? तांब्याभर पाणी मागितलं असतं, तर काय बिघडलं असतं?

आज सकाळी तळाची ओळ लिहायला घेतली. 'काही चुकलं असेल तर कळवा', आणि पुढं तुमचं नाव. तुमचे भाऊ मागं उभे होते. म्हणाले, "आक्काचं नाव काढ आता. लोक फोन करून तिलाच बोलवत्यात. काय सांगायचं त्यांना?"

त्यांचंही खोटं नव्हतं. पण फाइली असत्या तर तुमचं नाव एकेका पानावरून पुसावं लागलं असतं, आणि त्या माळेगावच्या पानासारखं कुठंतरी ते चुकून राहिलंही असतं. इथं मी एकदाच पुसलं असतं आणि तुम्ही सगळीकडून गेला असता.

मी पुसलं नाही. नंबर नवा घातला, नाव तसंच ठेवलं, सगळ्यात वरच्या कप्प्यात. मग लासुर्ण्याच्या तात्यांचं पान उघडून पाहिलं. त्यात त्यांचं नाव, गाव आणि पेरूची बाग, एवढंच मी लिहिलं होतं. तळाला तुम्ही आलात. त्या पानानं तुमच्याकडे मागितलं, वन्सं, आणि ते काही लहान झालं नाही.

फोन आले की मीच घेईन. 'त्या गेल्या, मी त्यांची भावजय, बोला,' असं दरवेळी सांगेन. पण नाव काढणार नाही, हा शब्द देते.

आता माझं एक ऐका. तुमचा चहाचा डबा रिकामा झालाय. मी तो भरलेला नाही, भरणारही नाही. आमच्या डब्यात चहा आहे. एकदा तरी माझ्याकडे मागा.

"न्हाय वैनी, माझं हाय," असंच म्हणाल, ठाऊक आहे मला. तरी मागा.

तुमची,
वैनी