सायलेन्सरजवळची नळी

उस्मानाबाद, मंगळवार, वैशाख, सन १९४६

मोटार उद्या बार्शीपर्यंत बिनघोर जाईल, असं आमचे ड्रायव्हर करीमभाई म्हणतात. माझ्या लेकीला, सुमतीला आठवा लागलाय, पाय सुजलेत, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंशिवाय मला कोणाचा भरवसा नाही. पण डोळे मिटले की वाटेतला येडशीचा घाट दिसतो.

दोन उन्हाळ्यांपूर्वी ह्यांच्या छातीत कळ आली, तेव्हा याच मोटारीतून निघालो होतो. घाटात पेट्रोल नळीतच उकळलं आणि इंजिन बंद पडलं. गाळणीच्या काचेच्या वाटीत पेट्रोल नाही, नुसते बुडबुडे. करीमभाई नळीवर ओली फडकी गुंडाळत राहिले. ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर. मिशनच्या शाळेत मदरनी शिकवलेली प्रार्थना मी पुन्हा पुन्हा म्हणत होते. मोटार निवाली तोवर हे गेले होते.

आज करीमभाईंनी ती नळी तापणाऱ्या सायलेन्सरपासून सोडवली, पलीकडच्या अंगानं वळवून नेली, गाळणी धुतली. मग भर उन्हात इंजिन चालू ठेवलं. मी त्या वाटीवरून नजर हटवली नाही. एकही बुडबुडा नाही.

"आता लई भरवसा हाय, बाईसाब."

सुमती हसत म्हणाली, "चाचा, एवढं अवघड काम इतक्यात झालं?"

"अवघड कशाचं, बेटी? दोन कप च्या होईस्तोवरचं काम."

बोलून गेले आणि एकदम फडक्याकडे वळले. हात पुसत राहिले, माझ्याकडे बघेनात.

मी तरी कुठं बघणार होते? दोन उन्हाळ्यांपूर्वीही ते तेवढंच काम होतं. वाटी पेट्रोलनं काठोकाठ भरलेली होती.