कमरेवरचा वळ

घनसावंगी, २ डिसेंबर २०२४

चि. सौ. उषास तुळजाअक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल. सूनबाई फोन स्पीकरवर लावते, म्हणून लिहून राह्यले. परकराची गाठ येते तिथं कमरेला जखम झालीय. गौरी-गणपतीपासून भरत न्हाई. कडा वर आल्यात, धक्का लागला की रक्त येतं. दुखत मात्र बिलकुल न्हाई. हळद-तेल लावते अन् त्याच्यावरच नाडा आवळते. उसाची तोड चालू, सवड कुणाला? तू म्हणशील, अक्का म्हातारपणी नाजूक झाली.

लोभ होता तसाच ठेव.
तुझी अक्का

बदनापूर, ११ डिसेंबर २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

हसू आलं न्हाई. महिनाभरात न भरलेली जखम दुखत नसली तरी दाखवावी, असं इथल्या दवाखान्यातल्या बाई म्हणतात. हळद भाजीत टाक अन् गाऊन घाल, दाजी काही घराबाहेर काढत न्हाईत! भुजंगला घेऊन जालन्याला जा. मला यायला जमायचं न्हाई. रागावू नको.

माया असू दे.
तुझी उषा

घनसावंगी, ५ फेब्रुवारी २०२५

चि. उषास आशीर्वाद.

भुजंगसोबत जालन्याला गेले. जखमेचा तुकडा तपासायला दिल्ता. कातडीचा कॅन्सर निघाला. भुजंग रडला. पोटचा पोर रडतोय अन् मला काहीच वाटलं न्हाई, त्याला चहा पाजला. डॉक्टर म्हणले, वर्षानुवर्षं एकाच जागी नाडा काचला की असं होतं कधी कधी. जांघेत पसरलं न्हाई, वेळेवर आलात. कापून काढलं. आता परकराला नाड्याऐवजी रुंद पट्टी लावायची, तीही सैल. टाके सतरा तारखेला काढणार. अजून काही वाटत न्हाई. जेवते, झोपते.

एकच आठवतं. तुझ्या लग्नाआधी परकर नेसायला मीच शिकवलं. सैल बांधलास म्हणून पाठीत धपाटा घातला अन् पुन्हा आवळायला लावलं. उषे, तुझी कंबर बघ. जल्दी कळव.

तुझी अक्का

बदनापूर, ११ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास नमस्कार.

बघायची गरज न्हाई. काळा वळ कधीचाच आहे, पोळ्यापासून तो चिरलाय. तुला दटावून लिहिलं तवा माझा एक हात तिथंच होता. सोबत आले असते तर डॉक्टरांनी मलाही विचारलं असतं. भ्याले गं अक्का. तू मात्र गेलीस.

सतरा तारखेला जालन्याच्या डॉक्टरांकडं माझंही नाव सांग. सैल नेसून येते.

तुझीच,
उषा