लग्नातलं पांढरं पातळ

चिठ्ठी उडू नये म्हणून रिबकाने तिच्यावर नवऱ्याचं घरी वाचायचं जाड बायबल ठेवलं. दाभोळला उपासना घ्यायला गेलेले तिचे उपदेशक यजमान दुपारच्या एस.टी.ने परतले, की आधी तेच जागेवर ठेवायला उचलणार, हे तिला माहीत होतं.

"पेज चुलीवर आहे, भाजलेला सुका बांगडा शिंक्यात. आधी जेवून घ्या.

ओहोळापलीकडची चिमा पहाटे गेली. तिच्या क्षयाला भिऊन न्हाऊ घालायला मंडळीतलं कोणी येईना, म्हणून मी जाते. पेटीतलं माझं लग्नातलं पांढरं पातळ नेलंय. मला नेसवून पुराल म्हणून जपलं होतं. आता मला कुठलंही चालेल.

माझा राग गेलेला नाही, उगाच मला पुण्यवान समजू नका. पण शेवटल्या दिवशी सगळे कबरीतून उठणार, असं तुम्हीच दर रविवारी सांगता. मी ते खरं धरलंय. तिला फाटक्यात पुरलं, तर त्या दिवशी कुठल्या तोंडाने तिच्यापुढे उभी राहू?

चार वाजता उचलायचंय आणि खांद्याला तीनच माणसं आहेत. तुम्ही या. मात्र नेहमीसारखे माडांमागून येऊ नका. तुमची ती वाट मला दोन वर्षं ठाऊक आहे. आज तिच्या पुढच्या दाराने या, सगळ्यांच्या देखत."