शिक्क्यांच्या शाईच्या डब्या

गडचिरोली, वैशाखातला मंगळवार, १९५४

शाळेत शिकवून घरी येऊन सुमीच्या लग्नपत्रिकांवर गणपतीचा शिक्का मारायला बसले, तर लाल शाईच्या गादीवर मधोमध काळा डाग! प्रत्येक रंगाची डबी मी झाकण लावून, फडक्यात गुंडाळून वेगळी ठेवते. आज काळी उघडी, लालवर पालथी घातलेली.

फडताळ आवरलं होतं यांच्या आत्याबाईंनी. माझी बहीण सुमी विधवा, हे तिचं दुसरं लग्न. "अशा लग्नाले पत्रिका काऊन लागते?" असं त्या कालच म्हणाल्या होत्या. मुद्दाम केलं असेल? की म्हातारीला दिसलंच नाही? विचारायची हिंमत झाली नाही.

ओसरीवर नवरदेवाचा भाऊ पत्रिका न्यायला बसलेला, चांद्याची मोटार सुटायची वेळ झालेली. पहिलाच गणपती काळपट उठला. अपशकुन म्हणून नवरदेवाकडचे लग्नच मोडतील, या भीतीनं मी तो काळा डाग खरवडत बसले. तो आणखीच पसरला.

सुमीनं येऊन पाहिलं आणि फडताळातून हिरवी डबी काढली.

"ताई, हिरवा मार."

"हिरवा गणपती?"

"मले हिरवाच पाह्यजे."

आत्याबाई दारातून म्हणाल्या, "विधवेनं हिरव्याले हात लावू नाई, पोरी."

सुमीनं शिक्का माझ्या हातातून घेतला. सगळे शिक्के तिनंच मारले. बोटं हिरवीगार झाली. मी साबण पुढे केला, तो तिनं घेतला नाही. त्याच हातांनी ओसरीवर जाऊन तिनं पत्रिका दिल्या.