वहिनीच्या नावाची नळी

वरकुटे,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. श्रेया,

आत्याचा तुझ्या कुरळ्या केसांवरून हात. डाळिंबाला यंदा रंग छान आलाय. तुझी आई रोज बागेत चक्कर मारते, भाकरी स्वतः थापते, माझ्या भाकरीला हसते. पाचगणीच्या कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर सांगायच्या, वाईट बातमी पहिल्या ओळीत लिहावी. बाकी सगळं शिकले, तेवढं राहिलं.

परवा फोनवर तू रडत होतीस. आई अजून गेलेल्या तात्यांचं ताट वाढते, त्यांच्याशी बोलते, म्हणून तू तिच्या डोळ्यातला थेंब मागवलास. त्यावर अवरक्त प्रकाश टाकला आणि प्रथिनाची घडी चुकलेली निघाली, म्हणजे नसलेली माणसं दिसायला लावणाऱ्या मेंदूच्या आजाराची खूण. पद्धत अजून प्रयोगातली आहे, तरी रविवारी तिला पुण्याला नेऊन औषधं सुरू करणार म्हणालीस.

बाळ, तो थेंब तिचा नव्हता.

कांदा नको, धूर नको, आपसूक आलेलं पाणी हवं, असं तू बजावलं होतंस. म्हणून मी मोहनदादाच्या, तुझ्या तात्यांच्या, आठवणी काढल्या. त्याची सायकल, ते शेवटचं आजारपण. वहिनी खुदकन हसली.

"गेलेल्या माणसासाठी रडत्यात, वन्सं. ह्ये तर हितंच बसल्यात. कालवण वाढा की भावाला!"

रडू मलाच आलं. थेंब न्यायला तुमच्या प्रयोगशाळेची गाडी दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न देतोय. केसासारखी बारीक ती काचेची नळी मी माझ्याच डोळ्याला लावली. वर नाव वहिनीचं. वाटलं, एवढ्याशा थेंबातून कुणाचं काय कळणार!

तेव्हा घडी चुकलीय ती माझी. रविवारी मला ने. आईचा थेंब तू स्वतः घे, आणि तोवर तिला एक गोळीही देऊ नकोस.

आणखी एक. "आत्या, तुला तर तात्या दिसत नाहीत ना?" असं तू विचारलंस, तेव्हा मी नाही म्हणाले. दिसतो गं. नाताळापासून. ओसरीवर पाठमोरा बसतो, सदरा शेवटच्या आजारपणातल्यासारखा घामाने ओला असतो. तुझा फोन आल्यावर मला खरं तर हायसं वाटलं. तो मला दिसतो, त्याला कारण मिळालं.

पण वहिनीचा थेंब चांगला निघाला, म्हणजे तिला दिसतो तो आजारातला भास नसला, तर मला तिथेच, पुण्यातच सांग. आणि सांगितल्यावर तिला या घरात एक दिवसही एकटी ठेवू नकोस.

खरं लिहून आता जास्तच भ्यालेली,
तुझी
संजीवनीआत्या